भिंतीच्या अलीकडे

५ नोव्हेंबर

आजपासून ही वही. शाळेतून निवृत्त होऊन चार महिने झाले, पडदे धुऊन झाले, कपाटं लावून झाली, शेजारणीच्या सुनेच्या तक्रारी ऐकून झाल्या. आता मी कादंबरी लिहिणार आहे. बत्तीस वर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, त्याचं पाप कुठेतरी फेडायला हवंच.

विषय ठरला आहे. टेकडीवरची खाण. बासष्ट वर्षांपूर्वी तिथे आत आग लागली आणि अकरा माणसं गेली. गावात सगळ्यांना एवढंच माहीत, पुढचं कुणालाच नाही. मागे एकदा वर्गाची सहल तिथे नेली होती. खाणीच्या तोंडातून वीस पावलं आत गेलं की विटांची भिंत लागते. एका मुलीने विचारलं, "बाई, ही कुणी बांधली?" मी म्हटलं, "कंपनीने." ती म्हणाली, "कंपनीला हात असतात का?" वर्ग हसला. मीही हसले, पण उत्तर काही दिलं नाही. ते टोचत राहिलं.

जेवताना घरात सांगितलं. हे म्हणाले, "प्रवासवर्णन लिही की. लोक आवडीने वाचतात." सासरे, म्हणजे आप्पा, पानात चाचपत जेवत होते. त्यांना आता दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. मी मुद्दाम विचारलं, "आप्पा, तुम्हाला आठवते का ती आग?"

"मी तेव्हा इथे नव्हतो," ते म्हणाले. "पुलाच्या कामावर होतो, लांब."

हळहळले मी. साठ वर्षं गवंडीकाम केलेला माणूस घरात, अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या, आणि नेमके त्याच वेळी पुलावर!

१२ नोव्हेंबर

बंद पडलेल्या कंपनीची कागदपत्रं नगरपालिकेच्या तळघरात आहेत. तिथला दप्तरवाला मनुष्य मजेशीर आहे. म्हणाला, "बसा बाई. इथले उंदीरसुद्धा वाचून वाचून शहाणे झालेत, चावत नाहीत." चार तासांत मी एकोणीस वेळा शिंकले, पण चौकशीचा अहवाल हाती लागला. सगळा मिळून नऊ पानांचा. सार असं: सकाळी दहाला आग. बाकीचे बाहेर पडले, खालच्या वाटेतले अकरा अडकले. तीन वाजता अधिकाऱ्यांनी आत पाहणी केली, अकराही जण धुराने गुदमरून मरण पावल्याचं आढळलं. त्यानंतर आगीची हवा तोडण्यासाठी भिंत घातली. भिंत घालणारा 'एक गवंडी'.

एक गवंडी. नाव नाही, वय नाही. अहवाल लिहिणाऱ्याला तो कुदळ-फावड्यासारखा वाटला असावा. माझ्या कादंबरीचं पात्र मला सापडलं, असं त्याच क्षणी वाटलं.

१९ नोव्हेंबर

त्याच गठ्ठ्यात कोठारातून सामान दिल्याच्या चिठ्ठ्या आहेत. आगीच्या दिवशीची एक चिठ्ठी: विटा, चुना, सिमेंट, वाळू, चार घमेली. खाली वेळ लिहिली आहे, साडेअकरा.

पाहणी तीन वाजता. विटा साडेअकराला. म्हणजे आतली माणसं मेली की जिवंत आहेत हे बघण्याच्या साडेतीन तास आधी भिंतीची तयारी झाली होती. मी दप्तरवाल्याला दाखवलं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच विनोद केला नाही. नुसतं म्हणाला, "झेरॉक्स काढून देतो. मूळ कागद मात्र इथेच राहू द्या, आणि फार कुणाला सांगू नका."

चिठ्ठीवर सामान घेणाऱ्याची सही नाही. अंगठाही नाही. एक उभी रेघ आहे आणि तिच्या डोक्यावर टिंब. अडाणी माणसाची खूण. मी ती वहीत पंधरा वेळा काढून पाहिली. कसा असेल त्याचा हात?

२१ नोव्हेंबर

ह्यांना झेरॉक्स दाखवली. शाबासकीची अपेक्षा होती. ह्यांनी कागद दिव्याखाली धरला आणि इतका वेळ धरून ठेवला की मला वाटलं, स्वतःच्या औषधांच्या दुकानातली एखादी चिठ्ठी वाचतायत की काय. मग घडी घालून माझ्या हातात दिला. "दुसरा विषय घे."

"का?"

"कशाला उकरायचं? मेलेली माणसं परत येतात का?"

"मी इतिहासाची बाई आहे. मेलेल्यांवरच माझं घर चाललं."

त्यावर दुकानात निघून गेले, दुपारचं न जेवता. तीस वर्षं मी ह्यांच्या दुकानाच्या गप्पा ऐकल्या. आता माझं स्वतःचं काहीतरी सुरू झालं तर पोटात दुखतं. पुरुषजात!

२८ नोव्हेंबर

आप्पा मात्र मदत करतात. रोज दुपारी त्यांच्या खुर्चीपाशी वही घेऊन बसते. आधी नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "आप्पा, मला थापी कशी धरतात तेही ठाऊक नाही. चुकीचं लिहिलं तर गवंडी हसतील मला." मग बोलू लागले.

विटा आधी भिजवाव्या लागतात, नाहीतर त्या चुन्या-सिमेंटच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतात. एक भिंत नाही, दोन भिंती, आणि मध्ये वाळू. मी विचारलं, खाणीत काम करताना काय वेगळं असेल? त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "आग हवा ओढते. म्हणजे वारा पाठीकडून आत जातो. पाठ गार पडते आणि तोंड भाजतं. मसाला थापीवरच सुकतो. पुन्हापुन्हा पाणी मारावं लागतं. दिव्याची ज्योत आडवी होते, भिंतीकडे तोंड करून."

नुसत्या अंदाजाने एवढं! ह्या माणसाने लिहायला हवं होतं. मी म्हटलंसुद्धा, "आप्पा, तुमची कल्पनाशक्ती माझ्यापेक्षा जबर आहे." ते हसले नाहीत.

बोलताना खुर्चीच्या हातावर नखाने टकटक करत राहतात. भिंत पोकळ आहे का बघायची जुनी सवय असणार.

३ डिसेंबर

खाणीपाशी जाऊन आले. तोंडाशी गवत कमरेएवढं. आत वीस पावलं, टॉर्च घेऊन. भिंत अजून जशीच्या तशी. खालचे थर इतके सरळ की दोरी लावून पाहावी, सांधे एकसारखे, जणू कुणी घर बांधतंय. वर मात्र काहीतरी बिघडलंय. शेवटचे चार-पाच थर वाकडेतिकडे, मसाला ओघळून तसाच सुकलेला. हात लावला. गार होती. का कोण जाणे, कान लावायला निघाले होते, पण नाही लावला. भराभर बाहेर आले. भरदुपारी ऊन असूनही खाली उतरेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन आप्पांना सांगू लागले, तर त्यांनीच विचारलं, "वरचे थर कसे आहेत?"

"वाकडे."

"हं," म्हणाले. "घाईत असेल."

नंतर ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवून उठले.

९ डिसेंबर

आज मोठं घबाड. बाजारामागच्या गल्लीत एक टेलरबाई आहेत, माझे पडदे त्यांनीच शिवले. अकरांपैकी एकाची मुलगी! वीस वर्षं मी त्यांच्याकडे जातेय आणि मला पत्ता नाही. दप्तरवाल्याने सांगितलं म्हणून कळलं.

एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मशीन चालवतच बोलल्या, जरा थांबल्या की रडू येईल अशी भीती असावी. वडील खाणीत छताला लाकडी टेकू देण्याचं काम करायचे. त्या दिवशी ह्या नऊ वर्षांच्या, आईबरोबर खाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. गर्दीला दोरी लावून मागे ढकललं होतं. ह्या लहान म्हणून दोरीखालून आत शिरल्या.

"आतून एक जण बाहेर आला, पाणी न्यायला. तरुण होता. कोपरापर्यंत चुना. मी त्याला विचारलं, माझे बाबा कुठायत? तो खाली बसला माझ्यासमोर. म्हणाला, ते दुसऱ्या वाटेने बाहेर येतील, तू आईला घेऊन तिकडे जा. म्हणून आम्ही गेलो तिकडे. आई दोन दिवस बसून होती."

मशीन थांबलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कागद बघताय ना? मला एवढंच शोधून द्या. आत असताना त्यांनी ठोके दिले का? खाणीतल्या लोकांची खूण असते. तीन ठोके, मग थांबायचं, मग दोन. म्हणजे आम्ही जिवंत आहोत. आई म्हणायची, पंपाच्या नळाला कान लावला तर ऐकू येत होते. मुकादम म्हणाला, लाकडं तडकतायत. लाकडं अशी मोजून तडकतात का हो?"

त्यांनी बोटाने मशीनच्या फळीवर वाजवून दाखवलं. टक टक टक. टक टक.

१० डिसेंबर

आप्पांना सगळं सांगितलं. मुलीचं, चुन्याच्या हातांचं, ठोक्यांचं. मीही वाजवून दाखवलं. त्यांनी हात मांडीखाली घेतले. गारठा वाढलाय, शाल आणून दिली.

त्यांची ती खुर्चीवरची टकटक आज दिवसभरात एकदाही ऐकू आली नाही. बरं झालं, माझंही लक्ष उडायचं.

१७ डिसेंबर

गवंड्याचं प्रकरण लिहून झालं. जाड मान, बारीक डोळे, दारूचा वास, मुकादमाचा लाळघोट्या. विटा रचताना गुणगुणतो. आतून ठोके येतात तेव्हा थुंकतो आणि पुढची वीट लावतो. वाचताना माझ्याच हाताच्या मुठी वळल्या. आप्पांना ऐकवलं. संपल्यावर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, डोळा लागला.

"तो असा नव्हता," शेवटी म्हणाले. मग लगेच, "म्हणजे, गवंडी असा दिसत नाही."

"मग कसा दिसतो?"

"कसाही. चोवीस वर्षांचा. नवीन थापी घेतलेली. काम चांगलं व्हावं असं वाटणारा."

चोवीस वर्षांचा! काय सुरेख सुचवलं. खलनायकापेक्षा हे कितीतरी भयंकर. सगळं पुन्हा लिहायला घेते.

त्यांचं जेवण फार कमी झालंय. ह्यांना सांगितलं, एखादं टॉनिक आणा. हे माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू मीच आजारी आहे. "तू त्यांना रोज ते वाचून दाखवणं बंद कर," म्हणाले. मी म्हटलं, "त्यांना आवडतं. त्यांना दुसरं आहे काय?"

२६ डिसेंबर

नीट लिहिते. जसं झालं तसं, क्रमाने.

टेलरबाईंना आज दुपारी घरी बोलावलं होतं. त्यांच्यावरून लिहिलेलं प्रकरण त्यांना ऐकवायचं होतं. आप्पाही ऐकतील, दोघांची ओळख होईल, असा माझा बेत. खरं सांगायचं तर मला दाद हवी होती. हे दुकानात होते.

चहा झाला. आप्पा खुर्चीत, टेलरबाई समोरच्या कोचावर, मी मध्ये वही घेऊन. वाचायला लागले. गर्दी, दोरी, दोरीखालून शिरणारी मुलगी. टेलरबाई मान हलवत होत्या. मग तो तरुण गवंडी बाहेर येतो, तिच्यासमोर खाली बसतो. मी वाचलं: "'तुझे बाबा मागच्या वाटेने बाहेर येतील,' तो म्हणाला."

"मागच्या नाही," आप्पा म्हणाले. "पाण्याच्या. 'पाण्याच्या वाटेने येतील' असं."

मी पेन काढलं. खरंच काढलं. मला वाटलं, आणखी एक छान बारकावा.

टेलरबाईंनी कप खाली ठेवला. "पाण्याची वाट," त्या हळूच म्हणाल्या. "पंपाची वाट होती ती. खाणीतले तिला पाण्याची वाट म्हणायचे. बाईंना मी नुसतं 'दुसऱ्या वाटेने' सांगितलं होतं." मग आप्पांकडे वळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आप्पांना दिसत नसलं तरी त्यांचं तोंड बरोबर टेलरबाईंकडे होतं.

"तुमच्या हातात पितळेचा डबा होता," ते म्हणाले. "वडिलांचा. झाकण दोरीने बांधलेलं."

मी एकदा आप्पांकडे, एकदा टेलरबाईंकडे बघत होते. माझ्या डोक्यात अजूनही पूल होता. ते पुलावर होते ना? लांब?

टेलरबाईंनी विचारलं, "ठोके येत होते?"

"हो."

"तीन आणि दोन?"

"तीन आणि दोन. मी थांबलो. मुकादम म्हणाला, लाकडं तडकतायत, हात चालव. मी म्हटलं, लाकडं नाहीत ही. मग साहेब स्वतः आले. म्हणाले, तासाभरात हवा तुटली नाही तर आख्खी टेकडी उडेल, वरच्या वाटेतले साठ जण अजून बाहेर यायचेत. खरं होतं का ते, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. टेकडी उडाली नाही एवढंच माहीत आहे."

"मग?"

"मग मी लावल्या विटा."

"माझ्याशी बोललात ते आधी की नंतर?"

"मधे. पाच थर राहिले होते."

टेलरबाई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. सुया टोचून टोचून बोटांची टोकं काळी पडलेली. "किती वेळ येत होते?"

"मी निघालो तेव्हाही येत होते."

त्या उठल्या. पदर सावरला, चप्पल घातली. दारात एवढंच म्हणाल्या, "माझी आई दोन दिवस पाण्याच्या वाटेवर बसली होती. पाऊस होता." आणि गेल्या. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले, काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. त्यांनी मागे पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवायला हवी, कारण ही वही मी खोटं लिहिण्यासाठी घेतली नाही. आप्पा बोलत होते तेव्हा माझ्या हातात पेन होतं. आणि 'पाच थर राहिले होते' हे वाक्य मी वहीच्या कोपऱ्यात उतरवून घेतलं.

२७ डिसेंबर

आप्पा खोलीतून बाहेर आले नाहीत. मीही हाक मारली नाही.

२९ डिसेंबर

ह्यांना सगळं माहीत होतं. सासूबाईंनी जाण्याआधी सांगितलं होतं, म्हणजे वीस वर्षं झाली. चिठ्ठीवरची ती रेघ आणि टिंब ह्यांनी बघताक्षणी ओळखलं. ह्यांच्या प्रगतिपुस्तकांवर आप्पांची तीच खूण असायची, लिहायला ते फार उशिरा शिकले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?"

मी हातातली वही मिटली. हे म्हणाले, "आता तरी थांब. त्या बाई कुणाला बोलणार नाहीत, मी जाऊन हात जोडतो. आप्पांकडे दिवस किती राहिलेत? शांतपणे जाऊ दे त्यांना." माणूस रडत होता. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी कादंबरीची वही माळ्यावर टाकली.

२ जानेवारी

टेलरबाई स्वतःच आल्या. बसल्या नाहीत. आप्पांच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मला तुमची माफी नको आणि मी तुम्हाला माफही करणार नाही, ते डोक्यातून काढा. पण कागदावर लिहिलंय की ते तीन वाजता मेलेले सापडले. ते खोटं आहे. आणखी दहा घरं आहेत. तुम्ही जिवंत आहात तोवर लिहून द्या."

हे मध्ये पडले. "बाई, त्यांचं वय बघा. लोक घरावर चालून येतील."

"बाबांचं वय चौतीस होतं," त्या म्हणाल्या.

आप्पा म्हणाले, "कधी यायचं?"

६ जानेवारी

तळघरात जायला सतरा पायऱ्या आहेत. एका बाजूने मी, एका बाजूने दप्तरवाला. हे आले नाहीत. टेलरबाई आधीच येऊन कोपऱ्यात बसल्या होत्या.

आप्पांनी सांगितलं, दप्तरवाल्याने लिहून घेतलं. साडेअकराला सामान उचललं. तीनच्या सुमारास आत कुणीही गेलं नाही, जायला वाटच उरली नव्हती. ठोके येत होते. एकही शब्द मागेपुढे झाला नाही, इतकी वर्षं रोज घोकल्यासारखं. दप्तरवाल्याने वाचून दाखवलं, मग विचारलं, "आप्पा, सही करता की अंगठा?"

आप्पांनी पेन मागितलं. पूर्ण नाव लिहिलं. शाई पसरली, ओळ खाली घसरली, पण लिहिलं. दप्तरवाल्याने तो कागद अहवालाच्या नऊ पानांमागे टाचला. दहावं पान.

बाहेर आल्यावर टेलरबाई त्यांच्या वाटेने गेल्या, आम्ही आमच्या.

९ जानेवारी

गावभर झालं. भाजीवाली बोलत नाही. शेजारणीने खिडकी लावून घेतली. ह्यांच्या दुकानासमोर माणसं येऊन नुसती उभी राहतात, घेत काही नाहीत, बोलत नाहीत, निघून जातात.

आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी विटा. नीट रचून ठेवलेल्या. मोजल्या, अकरा. भिजवलेल्या होत्या, खालची फरशी ओली झाली होती. कुणीतरी रात्रभर पाण्यात ठेवून आणल्या असणार, नव्या बांधकामासाठी ठेवतात तशा. हे त्या उचलून फेकायला निघाले. आप्पा भिंतीला धरून धरून दारापर्यंत आले, खाली वाकले, एकेका विटेवरून हात फिरवला.

"राहू देत इथेच," म्हणाले.

"आप्पा, उद्या हे लोक आणखी काय करतील?" हे म्हणाले.

"करतील ते करतील. राहू देत."

आता येता-जाता त्या ओलांडाव्या लागतात.

१५ जानेवारी

रोज कुणी ना कुणी येतं. आधी फाटकाबाहेर उभं राहतं, मग आत येतं. अकरांपैकी कुणाचा पुतण्या, कुणाची नात. आप्पा सगळ्यांना तेच सांगतात, तेवढंच, काही कमी नाही की जास्त नाही. परवा एक साठीचा गृहस्थ आला. वडील गेले तेव्हा आईच्या पोटात होता. सगळं ऐकून घेतलं आणि आप्पांच्या पायांपाशी थुंकला. हे अंगावर धावले. आप्पा म्हणाले, "थांब रे." तो गृहस्थ जाताना दारात थबकला. मग विटा ओलांडून निघून गेला.

आप्पांचा श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी आहे. आठवडे सांगितले, महिने नाहीत.

२३ जानेवारी

माळ्यावरची वही मी परत काढली. ह्यांना सांगितलं नाही. चार दिवस बसून गवंड्याचं प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. आता तो चोवीस वर्षांचा, हात सुबक, डोळे खाली. ठोके ऐकून तो थापी फेकून देतो. मुकादमाच्या पाया पडतो. साहेब धमकावतात तेव्हाच नाइलाजाने वीट उचलतो. काम संपल्यावर टेकडीवर एकटा बसून ढसाढसा रडतो, कित्येक दिवस अन्नाला शिवत नाही. लिहिताना मीही रडले. मला वाटलं, एवढं तरी मी त्यांच्यासाठी करू शकते.

आज दुपारी आप्पांना जरा बरं वाटत होतं. उशांना टेकून बसवलं. म्हणाले, "वाच." लिहिलेली तीन पानं वाचली. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ धापा टाकत राहिले, मग म्हणाले, "कोण हा?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"नाही. मी थापी फेकली नाही. थापी नवी होती. पाया पडलो नाही. एकदा विचारलं, मग लावल्या विटा." थांबले. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. "टेकडीवर बसलो नाही. रडलो नाही. हौदावर हात धुतले, चुना निघेना म्हणून राख लावून घासले, आणि घरी गेलो. आईने विचारलं, आज उशीर का? म्हटलं, काम होतं. तिने वाढलं. जेवलो. पुन्हा वाढून घेतलं. भूक लागली होती गं."

त्यांनी चाचपून माझं मनगट धरलं. त्या हातात अजूनही केवढी ताकद!

"त्याला चांगला करू नकोस," म्हणाले. "लोकांना वाटेल, असं काम करायला कुणी वेगळा माणूस लागतो. लिही. मी सांगतो तसं लिही."

मी तीन पानांवर काट मारली. त्यांनी सांगितलं तेवढंच लिहून घेतलं. एक पानही भरलं नाही. वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं, 'घरी जाऊन तो जेवला.'

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मान हलवली. मला वाटलं, पसंत पडलं.

"पोटभर," ते म्हणाले. "पोटभर जेवला. घाल तिथे."

घातलं.